धन्याचा धाक आणि धन्याचा विश्वास

ज्याच्या हाताखालीं दुसरें एक तरी माणूस काम करितें, त्याच्यापुढें एक प्रश्न केव्हां ना केव्हां उभा राहतोच. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, चार मजूर लावून शेत करणारा शेतकरी असो, वसतिगृहाचा व्यवस्थापक असो, किंवा मंडळीचें काम पाहणारा उपदेशक असो; काम चोख व्हावें ही त्याची जबाबदारी असते, आणि ज्यांच्याकडून तें करून घ्यावयाचें तीं माणसें कधीं थकतात, कधीं चुकतात, कधीं चुकारपणाही करितात. मग त्यांस चालवावें कसें? धाकानें, कीं विश्वासानें?

अनुभवी म्हणविणारे पुष्कळ लोक याचें उत्तर तत्काळ देतात. "गोड बोलणाऱ्याचें शेत कधीं वेळेवर नांगरून झालें आहे काय? धनी कडक असल्यावांचून चाकर हलत नाहीं. काम झालें ना? मग तें करून घेतांना तो काय बोलला याची चौकशी कशाला?" असें ते विचारतात. यावर "असें बोलूं नये, तें बरें दिसत नाहीं" एवढेंच उत्तर देऊन भागणार नाहीं. कारण जगांत असे कित्येक पुरुष झाले आहेत कीं, ज्यांची जीभ तिखट होती, ज्यांच्या हाताखालच्या माणसांनीं डोळ्यांतून पाणी काढिलें, आणि तरीही ज्यांच्या हातून मोठीं व उपयोगी कामें झालीं. अशा माणसाचा कठोरपणा त्याच्या कामाच्या थोरवीनें धुऊन निघतो काय, हा खरा प्रश्न आहे; आणि त्याचाच विचार आज आपण शांतपणें करूं.

प्रथम एक उदाहरण सातासमुद्रांपलीकडील घेऊं. आज तालुक्याच्या कचेरींत, बँकेंत व कित्येक खेड्यांतील शाळांतही जो संगणक दिसतो, तो मूळचा एवढा लहान नव्हता. सन १९५० च्या सुमारास संगणक म्हटला म्हणजे एक मोठी खोली व्यापणारें यंत्र असे, आणि तें सरकारास, विद्यापीठांस व बड्या कंपन्यांसच परवडे. साध्या माणसाच्या मेजावर बसेल असा संगणक करण्याचे प्रयत्न १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतांत जोरानें सुरू झाले. त्यांत ॲपल नांवाची कंपनी पुढें आली. ती १ एप्रिल १९७६ रोजीं स्टीव्ह जॉब्स, स्टीव्ह वॉझनियाक व रोनाल्ड वेन या तिघांनीं काढिली. वेन हे थोड्याच दिवसांत बाहेर पडले, व दोघे स्टीव्ह राहिले. वॉझनियाक हे यंत्राची रचना करणारे. जॉब्स हे वस्तु कशी असावी याचें स्वप्न पाहणारे व तें दुसऱ्यांकडून खरें करून घेणारे.

जॉब्स यांच्या देखरेखीखालीं मॅकिंटॉश नांवाचा संगणक तयार झाला, व तो २४ जानेवारी १९८४ रोजीं लोकांपुढें आला. यंत्रास आज्ञा करण्याकरितां अवघड सांकेतिक शब्द पाठ न करितां, पडद्यावरील चित्राकडे बाण नेऊन काम करावें, ही जी सोय आज आपल्या अंगवळणीं पडली आहे, ती लोकांच्या परिचयाची करण्यांत त्या यंत्राचा मोठा वांटा आहे. तें करणारीं माणसें बहुतेक तरुण होतीं. तीं रात्रंदिवस खपत. आठवड्यास नव्वद तास काम करितों व त्यांत आनंद मानितों, अशा अर्थाचीं अक्षरें छापलेले सदरे तीं अभिमानानें घालीत. त्यांचा धनी मात्र मोठा कठीण होता. एखाद्याचें काम त्यास एक तर अत्युत्तम वाटे, नाहीं तर अगदीं टाकाऊ. आणि टाकाऊ वाटलें तर तो तसें तोंडावर, चारचौघांदेखत, वाटेल त्या शब्दांत बोलून दाखवी. कित्येक माणसें त्यामुळें खचलीं.

आतां न्यायानें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्याच धन्यानें १९८२ सालीं त्या सर्व मंडळींच्या सह्या घेऊन त्या यंत्राच्या पेटीच्या आंतील बाजूस उमटविल्या. चित्रकार चित्रावर सही करितो, मग यांनीं आपल्या कृतीवर कां करूं नये, असा त्यांत भाव होता. पेटी उघडल्यावांचून त्या सह्या कोणास दिसणार नव्हत्या. पण करणाऱ्यांस त्या तेथें आहेत हें ठाऊक होतें. पुढें त्यांतील कित्येकांनीं सांगितलें कीं, आपल्या हातून एवढें चांगलें काम होऊं शकेल असें आपणांस कधींच वाटलें नव्हतें. धाकाचा पक्ष घेणारे याच साक्षीवर बोट ठेवितात. "पाहा, ज्यांस रडविलें तींच माणसें आभार मानितात!"

पण या साक्षीची थोडी उलटतपासणी करूं. त्या मंडळींत एक मजेदार चाल होती. धन्यापुढें ताठ उभें राहून, त्याचें चुकतें तेथें त्यास स्पष्टपणें "नाहीं" म्हणण्याचें धैर्य ज्यानें सर्वांत अधिक दाखविलें असेल, त्यास तीं दरवर्षीं आपसांत एक बक्षीस देत. १९८१ सालीं तें जोआना हॉफमन नांवाच्या बाईंस मिळालें. जॉब्स यांस ही गोष्ट ठाऊक होती व ती त्यांस आवडेही. यावरून काय दिसतें? ज्यांनीं त्या जागीं उत्तम काम केलें व जीं तेथें टिकलीं, तीं माणसें धाकानें वाकलेलीं नव्हतीं. धाक असूनही तीं वाकलीं नाहींत. त्यांस चालविणारी वस्तु धन्याची तिखट जीभ नव्हे. आपण एक मोठी गोष्ट करीत आहों ही जाणीव, आपलें नांव त्या पेटींत कोरलें जाणार हा मान, आणि तुमच्याकडून हें होईलच असा धन्यानें धरिलेला भरंवसा, यांनीं तीं चालत होतीं. औषध आणि विष एकाच पेल्यांत दिलें असतां रोगी बरा झाला, तर त्याचें श्रेय विषास देणें हा शहाणपणा नव्हे.

आणि जीं माणसें खचून निघून गेलीं, त्यांची साक्ष कोण काढितो? जो टिकतो तोच पुढें आठवणी सांगतो. शेतांत उगवलेलें पीक सर्वांस दिसतें. पायाखालीं तुडविलेलें बीं कोणी मोजीत नाहीं.

त्याच कंपनीची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १२ डिसेंबर १९८० रोजीं ॲपलचे भाग प्रथमच बाजारांत विक्रीस निघाले, व ज्यांच्याजवळ ते होते असे कित्येक लोक एका दिवसांत श्रीमंत झाले. परंतु आरंभापासून राबलेल्या कांहीं माणसांच्या वांट्यास एकही भाग आला नव्हता. त्यांत जॉब्स यांचा कॉलेजांतील मित्र डॅनियल कॉट्की हाही होता. नियमावर बोट ठेवून त्यांस वगळितां येत होतें, व जॉब्स यांनीं त्यांस कांहीं दिलें नाहीं. वॉझनियाक यांच्या मनास तें रुचलें नाहीं. त्यांनीं आपल्या स्वतःच्या भागांपैकीं कांहीं अशा माणसांस दिले, व पुष्कळांस अगदीं स्वस्त दरानें विकले. त्यांस कोणी तसें करावयास सांगितलें नव्हतें. कायद्यानें तें त्यांचें देणेंही नव्हतें. एकाच अंगणांत वाढलेल्या एकाच धंद्याच्या दोन धन्यांची ही कथा आहे. म्हणून "मोठें काम करणारे असेच असतात" असें जेव्हां कोणी म्हणतो, तेव्हां आम्हांस वॉझनियाक आठवतात.

त्याच प्रांतांत या दोघांच्या कितीतरी आधीं, १९३९ सालीं, विल्यम ह्यूलेट व डेव्हिड पॅकार्ड या दोन मित्रांनीं ५३८ डॉलर भांडवलावर एका मोटारघरांत यंत्रें बनविण्याचा धंदा मांडिला होता. वॉझनियाक हे प्रथम त्यांच्याच कंपनींत नोकरीस होते. आणि शाळकरी जॉब्स यांनीं एकदां सुटे भाग मागितले, तेव्हां ह्यूलेट यांनीं ते तर दिलेच, शिवाय सुटींत कामही दिलें. या ह्यूलेट यांची एक आठवण पॅकार्ड यांनीं लिहून ठेविली आहे. सुटीच्या दिवशीं ते कारखान्यांत आले असतां त्यांस एक हत्यार हवें होतें; पण हत्यारांच्या कोठारास कुलूप होतें. त्यांनीं तें कुलूप कातरून काढिलें, आणि यापुढें या दारास कुलूप लावूं नये असें लिहून ठेविलें. आपल्या माणसांवर आपला विश्वास आहे हें त्या उघड्या दारानें सांगावें, असा त्यांचा हेतु होता. पुढें १९७० सालीं मागणी घटली, तेव्हां दहांतील एका माणसास घरीं पाठविण्याऐवजीं, वरच्या अधिकाऱ्यांपासून खालच्या कामगारापर्यंत सर्वांनींच दहा टक्के वेतन कमी घ्यावें व दर पंधरवड्यास एक दिवस घरीं राहावें, असा मार्ग त्यांनीं काढिला. कांहीं महिन्यांनीं दिवस पालटले, व सर्व माणसें आपापल्या जागीं होतीं.

परंतु एवढें दूर जाण्याची गरजच काय? आपल्याच सांगली जिल्ह्यांत, पलूस तालुक्यांत, पुणें-मिरज लोहमार्गावर किर्लोस्करवाडी नांवाचें स्टेशन आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं त्यास कुंडल रोड म्हणत, व तो मुलूख औंध संस्थानांत मोडत असे. निवडुंग, दगड व साप यांशिवाय त्या माळावर फारसें कांहीं नव्हतें. सन १९१० मध्यें तेथें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपला लोखंडी नांगरांचा कारखाना आणिला.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, पण डोळ्यांस रंगभेद नीट कळत नाहीं असें आढळल्यामुळें तो मार्ग बंद झाला. पुढें ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले. तेथें त्यांस मिळावयाची बढती एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यांत आली, व त्यांनीं ती नोकरी सोडिली. कामावरून नव्हे तर जन्मावरून माणसाचा दर्जा ठरविला म्हणजे मनास काय होतें, हें त्यांनीं स्वतः अनुभविलें. नंतर बेळगांवास वडील बंधु रामुअण्णा यांच्या जोडीनें सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचीं यंत्रें, आणि मग लोखंडी नांगर, असा त्यांचा मार्ग झाला. लोखंडानें जमीन विषारी होईल असें शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपेपर्यंत सुमारें दोन वर्षें गेलीं. इतक्यांत कारखान्याची बेळगांवची जागा नगरपालिकेनें सोडावयास लाविली. तेव्हां औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोडजवळ बत्तीस एकर जमीन दिली, व दहा हजार रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. एका धन्यावर दुसऱ्या धन्यानें विश्वास टाकिला, तेथूनच त्या वाडीचा आरंभ झाला.

आतां आमच्या विषयास लागणारी गोष्ट पुढें आहे. त्या ओसाड माळावर लक्ष्मणरावांबरोबर कोण आलें? वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांनीं पत्करिली, यंत्रांचें काम शंभुअण्णा जांभेकरांनीं, हिशेब मंगेशराव रेग्यांनीं. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले; पण त्यांचें डोकें कल्पक आहे हें धन्यानें ओळखिलें. आणि रात्रीच्या राखणीस ठेविले होते तुकाराम रामोशी व पिराजी. हे दोघे दरोडेखोरीबद्दल शिक्षा झालेले होते.

या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. गांवची राखण करणें हें रामोशी लोकांचें परंपरेचें काम. पण इंग्रजी अमलांत त्यांच्यावर संशयाचा शिक्का बसला. सन १८७१ च्या कायद्यानें देशांतील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, व तो कायदा १९५२ पर्यंत चालला. गांवांत चोरी झाली कीं पहिली धाड कोणाच्या झोपडीवर पडे, हें जुन्या माणसांस सांगावयास नको. अशा काळीं, जेथें हांक मारली तर धांवून येण्यास शेजार नाहीं अशा माळावर, लोखंड, हत्यारें व पैका यांची राखण शिक्षा भोगलेल्या माणसांच्या हातीं देणें हें सोपें काम नव्हे. लोक म्हणाले असतील, "मांजराच्या हातीं शिंकें दिलें!" पण ते दोघे विश्वासास उतरले. ह्यूलेट यांनीं दाराचें कुलूप काढिलें हें चांगलेंच. पण तेथील माणसांवर कोणी पूर्वीं चोरीचा डाग लाविला नव्हता. आपल्या वाडीच्या धन्यानें ज्यांच्यावर सर्व जगानें कुलूप घातलें होतें त्यांच्याच हातीं किल्ली दिली.

अस्पृश्यता पाळावयाची नाहीं असा दंडकही त्यांनीं त्या वसाहतींत घातला. ज्या काळीं कित्येक गांवांत एका विहिरीवर पाणी भरण्यावरून माणसांचीं डोकीं फुटत होतीं, त्या काळची ही गोष्ट आहे. तिचें मोल आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस आम्हीं समजावून सांगण्याची गरज नाहीं. पुढें १९३९ सालीं त्याच औंध संस्थानांत, आटपाडीजवळ, मॉरिस फ्रीडमन या पोलिश गृहस्थांच्या सल्ल्यानें स्वतंत्रपूर नांवाची कैद्यांची वसाहत स्थापन झाली. तेथें भिंती नव्हत्या. शिक्षा झालेलीं माणसें शेत करून राहत. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा "दो आँखें बारह हाथ" हा बोलपट याच प्रयोगावरून सुचला. आपल्या या दुष्काळी मातींत विश्वासाचें बीं पूर्वींच पेरलें गेलें आहे. तें परदेशांतून आणावयास नको.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "तर मग सिद्ध झालें! विश्वासानें धंदा वाढतो, आणि धाकानें बुडतो." वाचकहो, आम्ही तसें म्हणत नाहीं, व तसें म्हणणें खरेंही होणार नाहीं. जॉब्स यांस १९८५ सालीं स्वतःच्याच कंपनींतून बाहेर पडावें लागलें, हें खरें. पण १९९७ मध्यें ते परत आले, व २०११ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं ती जगांतील अत्यंत धनवान् कंपन्यांच्या पंक्तीस नेऊन बसविली. उलट, ज्या कंपनीनें १९७० सालीं सर्वांची भाकरी वांटून घेतली, तिनेंच या शतकांत, मूळ धनी गेल्यानंतर, हजारों माणसांस कामावरून दूर केलें. आणि आपली वाडी? ३० जानेवारी १९४८ रोजीं महात्मा गांधींचा खून झाला. खून करणारा ब्राह्मण होता एवढ्यावरून सातारा, सांगली व कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांच्या घरांदारांवर जमाव चालून गेले, आणि त्या लाटेंत किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळण्यांत आला. लक्ष्मणरावांचें वय त्या वेळीं अठ्ठ्याहत्तर वर्षांचें होतें. ज्यानें जन्मावरून माणसास मोजूं नये असा दंडक घातला, त्याचीच आयुष्याची कमाई जन्मावरून मोजली गेली. कारखाना पुन्हां उभा राहिला, व आजही तेथें पंप तयार होतात. पण त्या आगीचा अर्थ आपणांस टाळितां येत नाहीं. चांगुलपणाचें फळ हातोहात मिळतेंच असा करार जगाशीं कोणी केलेला नाहीं.

म्हणूनच नफा-तोट्याचें माप या प्रश्नास लावणें मुळांतच चुकीचें आहे. कठोर धन्याचा धंदा भरभराटला म्हणून कठोरपणा पुण्य ठरत नाहीं. आणि विश्वासू धन्याचा कारखाना जळाला म्हणून विश्वास मूर्खपणा ठरत नाहीं. जो केवळ फायद्याकरितां विश्वास दाखवितो, तो फायदा दिसेनासा झाला कीं त्याच दिवशीं कुलूप काढून आणील. मग माप कोणतें? आमच्या मतें माप हें कीं, आपल्या हाताखालीं काम करितां करितां त्या माणसाचें काय झालें? तो वाढला, कीं खुरटला?

हें आम्ही पुस्तकी ज्ञानानें लिहीत नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका लहानशा वसतिगृहाची व्यवस्था आमच्याकडे होती. धान्याच्या कोठीची किल्ली आमच्या कनवटीस असे. एके महिन्यास तांदूळ हिशेबांत कमी भरूं लागला. कोठी झाडण्यास एक मुलगा आपण होऊन येत असे. तो अगदीं गरीब घरचा होता. गरिबी हाच पुरावा मानून आम्हीं त्यास सर्व मुलांसमोर उभें केलें, व नको ते शब्द बोललों. तो कांहीं बोलला नाहीं. आठ दिवसांनीं पोतीं हलविलीं तेव्हां दिसलें कीं, उंदरांनीं खालच्या पोत्याचा तळ कुरतडला होता व तांदूळ फरशीखालच्या बिळांत गेला होता. आम्हीं त्या मुलास खोलींत बोलावून चूक कबूल केली. लक्षांत घ्या, दोष लाविला चारचौघांत, आणि कबुली दिली एकांतांत. त्यानें मान हलविली. पुढें दोन वर्षें तो तेथें राहिला, सांगितलेलें प्रत्येक काम त्यानें नीट केलें. पण पुन्हां कधीं तो आपण होऊन पुढें आला नाहीं. आमची शिस्त राहिली, कोठीही झाडली गेली. पण एका मुलाच्या मनांतील "मी करितों" हा शब्द आम्हीं कायमचा काढून घेतला. कोणत्याही हिशेबाच्या वहींत ही तूट दिसत नाहीं. म्हणूनच ती भयंकर आहे.

आतां कोणी विचारील, "मग चुकलेल्यास बोलूंच नये काय? चुकार माणसास तसाच पोसावा काय?" नाहीं. विश्वास म्हणजे ढिलाई नव्हे. ओतीव लोखंडांत भेग राहिली तर नांगर ऐन हंगामांत शेतांत मोडतो, आणि त्या शेतकऱ्याचें वर्ष बुडतें. तेथें "असूं दे" म्हणणें ही दया नसून शेतकऱ्याशीं केलेली दगलबाजी आहे. काम चुकलें तर चुकलें म्हणावें, पुन्हां करावयास लावावें, आणि वारंवार सांगूनही जो मुद्दाम चुकवितो त्यास कामावरून दूर करण्याची पाळी आली तर तेंही सरळपणें करावें. परंतु "हें काम वाईट झालें" आणि "तूं वाईट आहेस" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिल्या वाक्यानें माणसाच्या हातीं सुधारण्याचें साधन येतें. दुसऱ्यानें तें काढून घेतलें जातें. कामाविषयीं कितीही कडक असावें, माणसाविषयीं असूं नये.

दुसरी एक सावधगिरीची सूचना दयाळू धन्यांकरितां आहे. जेथें घर धन्याचें, शाळा धन्याची, दुकान धन्याचें, तेथें धनी देवमाणूस असला तरी चाकराचें सुख त्याच्या मर्जीवर अवलंबून राहतें. आणि मर्जी पालटूं शकते, किंवा धनीच पालटतो. म्हणून दयेच्या जोडीस नियम पाहिजे. या देशांत १९२६ मध्यें कामगार संघांचा कायदा झाला, व १९४८ मध्यें कारखान्यांचा कायदा झाला, ते याचकरितां. वेळेवर वेतन, ठरलेले तास व तक्रार सांगण्यास निर्भय जागा हीं धन्याची कृपा नव्हेत. तें चाकराचें देणें आहे. देणें बुडवून जो दान करितो, त्याच्या दानास आम्ही सद्गुण म्हणणार नाहीं.

तर मग, ज्यांच्या हातीं थोडाबहुत अधिकार आहे अशा आमच्या वाचकांनीं स्वतःस कांहीं साधे प्रश्न विचारावे. जे शब्द मी या मजुरास बोललों, तेच शब्द तो माझा धनी असता तर मी बोललों असतों काय? दोष मी चारचौघांत देतों. मग शाबासकीही चारचौघांत देतों काय? माझ्या हाताखालच्या माणसांपैकीं मला "नाहीं" म्हणण्याचें धैर्य कोणास आहे? कोणासच नसेल, तर तें माझ्या शिस्तीचें भूषण नसून माझ्या अंधळेपणाची खूण आहे. कारण आपली चूक आपणांस दाखविणारा डोळाच मीं फोडून टाकिला आहे. तंगीच्या दिवसांत पहिली कपात कोणाच्या ताटांत होते, त्याच्या कीं माझ्या? आणि शेवटीं, ज्याच्यावर एकदां डाग लागला आहे असा एखादा तुकाराम किंवा पिराजी माझ्या दाराशीं आला, तर त्यास देण्याजोगी एखादी किल्ली माझ्याजवळ आहे काय?

विश्वास टाकिल्यानें कधीं कधीं फसवणूकही होते. आम्हीही फसलों आहों, व यापुढेंही फसूं. पण फसवणुकीनें गेलेला तांदूळ पुढील सुगीस भरून येतो. संशयानें मोडलेलें मन भरून येण्यास किती सुग्या लागतात, हें त्या मुलास विचारावें लागेल. आणि तो आज कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं.